एअर पिस्तुलाची लाकडी मूठ हाताला बसवायची आहे: कुठे घासायचं, कुठे भरायचं?

दहामीटर:
नमस्कार मंडळी. मी १० मीटर एअर पिस्तूल मारते, उजव्या हाताने. पिस्तूल वापरलेलं घेतलं आहे, त्यावर अक्रोडाची मध्यम मापाची मूठ आहे. माझा तळहात अरुंद आणि बोटं लांब. हात उचलला की फ्रंट साइट (नळीच्या टोकाकडची नेम धरायची पट्टी) रिअर साइटच्या (मागच्या नेमपट्टीच्या) खाचेत कायम उजवीकडे चिकटलेली दिसते. ती मध्यावर आणायला मनगट वळवावं लागतं. सुरुवातीला जमतं, पण ६० शॉट्सच्या सामन्यात शेवटाकडे मनगट दमतं आणि शॉट उजवीकडे, सात-आठ गुणांच्या वर्तुळांत जायला लागतात. उजव्या बाजूला तळहात आणि लाकूड यांच्यात पोकळी राहते, करंगळी जवळजवळ बेकारच असते.

इपॉक्सी पुट्टी (मळून लावली की कडक होणारा लगदा), कानशी आणि पॉलिश पेपर आणून ठेवलेत. पण हात लावायचा धीर होत नाही. एकाने सुचवलं की ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) मागचा धातूही थोडा घासला तर हात वर बसेल. तसं करावं का? आणि स्पर्धेच्या नियमात कुठे अडकेन?

अक्रोडमूठ:
पुट्टीचा डबा आज उघडू नका. आधी दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करून बघा. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून, टार्गेटकडे नेहमीसारखं उभं राहून डोळे मिटा, हात उचला, एक श्वास जाऊ द्या आणि डोळे उघडा. दोन्ही साइट एकमेकींशी सरळ आहेत, पण टार्गेटच्या बाजूला आहेत? मग मुठीचा दोष नाही, पाय हलवा. साइटच एकमेकींशी जुळत नाहीत? मग ते मुठीचं काम. बरेच जण पायांचं दुखणं लाकडावर काढतात आणि चांगली मूठ खराब होते.

तुमच्या वर्णनावरून मात्र मूठच वाटते, आणि तिच्यासाठी कष्ट घेणं सार्थकी लागेल. हिशोब बघा. दोन साइटमधलं अंतर साधारण ३२० मिमी धरलं, तर फ्रंट साइट खाचेत १ मिमी सरकली की १० मीटरवर छर्रा ३१ मिमी बाजूला जातो. दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं, म्हणजे मधला दहा थेट सातावर. उलट साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हात १ मिमी डुलला तर टार्गेटवरही १ मिमीच फरक पडतो. हात डुलणारच, त्याची भीती नको. मनगटातला कोन मात्र मुठीने स्वतःहून धरून ठेवला पाहिजे, स्नायूंनी नव्हे.

आता भरायचं कुठे. नळीचं तोंड उजवीकडे जातंय, ते डावीकडे वळवायचं आहे. उजव्या हातात मुठीची उजवी बाजू तळहातात असते. तिथे बोटांच्या मुळांकडचा, म्हणजे पुढचा अर्धा भाग भरला की पुढचं टोक डावीकडे ढकललं जातं. तुमची पोकळी तिथेच आहे, त्यामुळे एका कामात दोन्ही साधेल. तेवढ्याने पुरलं नाही तर अंगठ्याच्या मुळाशी, मागच्या डाव्या बाजूला पातळ थर द्या, त्याने मागचं टोक उजवीकडे सरकतं. उंचीचंही असंच: तोंड वर राहत असेल तर अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात वरच्या बाजूला भरायचं. मुठीचा कोन बदलायचा स्क्रू असेल तर आधी तो वापरून बघा.

हे सगळं पहिल्यांदा मुलांच्या खेळण्याच्या मातीने करा. चिमूटभर माती लावा, वरून पातळ टेप, आणि ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न भरता नेम आणि ट्रिगरचा सराव. रोज डोळे मिटून तपासा. साइट न वळवता मध्यावर येऊ लागली आणि काही सराव सत्रं तशीच राहिली, की मग तेवढीच पुट्टी. घाईत चढवलेली पुट्टी काढताना लाकूडही जातं.

घासायचं कुठे हे कळायला हाताला रंगीत खडूची पूड लावून मूठ धरा. जिथे दाट डाग पडेल तिथे दाब जास्त. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर डाग तिथेच मिळेल. पॉलिश पेपरचे दोन-चार हात, पुन्हा धरून बघा. ट्रिगरचं बोट लाकडाला कुठेही टेकता कामा नये. टेकलं तर ट्रिगर दाबताना मूठही ढकलली जाते आणि शॉट बाजूला जातो. पण तिथलं लाकूड काढण्याआधी ट्रिगर पुढेमागे सरकवून बघा.

पाम शेल्फ, म्हणजे खालची आडवी फळी, तळहाताच्या खालच्या कडेला नुसती टेकावी. शिकंज्यासारखी आवळली तर सामन्याच्या मध्यावर हात गरम होऊन फुगतो आणि पकड बदलते.

रेंजवरचा:
धातूला हात लावू नका. फ्रेम, ट्रिगर गार्ड, हवेच्या सिलिंडरची बैठक, काहीही घासायचं नाही. हात वर बसवायचा तर बेचक्यातलं लाकूड कोरा, तिथे बहुतेक मुठींना वाव असतो.

आणखी एक, मूठ पिस्तुलावर ठेवून घासू नये. सिलिंडर उतरवा (भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो), पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, मूठ सोडवून वेगळ्या टेबलावर काम करा. लाकडाचा भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत गेला तर साफ करता करता जीव जातो. मास्क घाला, अक्रोडाचा भुसा घशाला त्रास देतो. पुट्टी मळताना नायट्राइल हातमोजे हवेत. इपॉक्सीची त्वचेला एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा जात नाही.

नियमांचं: पूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमपर्यंत, ट्रिगर दाबायला लागणारा जोर किमान ५०० ग्रॅमचा. मुठीची जाडी वाढवाल तेव्हा ५० मिमीची बाजू मोजत राहा, अडकतं ते तिथेच. पाम शेल्फ मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात वर येता कामा नये, तिची कड वर वळलेली चालत नाही. मूठ हाताभोवती गुंडाळली जाता कामा नये, मनगट मोकळं दिसलं पाहिजे आणि अंगठा वर उचलता आला पाहिजे.

दहामीटर:
दोघांचेही मनापासून आभार. धातूचा विचार सोडला. माती लावून बघितली. उजव्या बाजूला पुढे भरल्यावर फ्रंट साइट जवळजवळ मध्यावर येते आणि करंगळीला पहिल्यांदाच काम मिळालंय! मागे भरावं लागेल असं वाटत नाही. पुट्टी हाताला न चिकटता ठसा कसा घ्यायचा? आणि शेवटी पॉलिश काय करू? हाताला घाम खूप येतो.

अक्रोडमूठ:
छान, मग मागे काही लावू नका. जिथे भरायचं तिथलं जुनं तेल-पॉलिश खरवडून काढा, नाहीतर पुट्टी धरत नाही. पुट्टी लावल्यावर त्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म पसरा, हातमोज्यासकट मूठ सामन्यात धरता तशीच धरा. जास्त आवळाल तर ठसा खोल जाईल आणि नेहमीच्या पकडीत पोकळी राहील. पूर्ण कडक झाल्यावरच घासा.

घामासाठी व्हार्निश नको, निसरडं होतं. तळहात आणि बोटं टेकतात तेवढ्या भागावर टोकदार पंचने एकमेकांना लागून बारीक ठिपके ठोका. लाकूड खरखरीत होतं आणि घाम त्या खळग्यांत उतरतो. ट्रिगरच्या बोटाजवळ मात्र गुळगुळीतच ठेवा. उघड्या लाकडावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, उरलेलं पुसून टाका, पूर्ण वाळू द्या.

तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. बाहेर सपाट पसरून वाळवा, मगच टाका.