गोठलेल्या बेडकाला ‘शीतनिद्रा’ कशी म्हणायची?

शब्दखुळी: अलास्कातल्या तैगावरचा, म्हणजे तिथल्या थंड सूचिपर्णी जंगलावरचा, एक लेख मराठीत करतेय. तिथला वुड फ्रॉग हिवाळ्यात पाचोळ्याखाली अक्षरशः गोठतो. फेअरबँक्सकडे सहा-सात महिने. हृदय बंद, श्वास बंद. यकृत भरमसाठ ग्लुकोज सोडतं, म्हणून बर्फ पेशींच्या बाहेरच होतो, आत नाही. वसंतात वितळला की पुन्हा उड्या मारायला मोकळा. मी ‘शीतनिद्रा’ लिहिलं. संपादक म्हणतात, हृदय थांबलंय, झोप कसली? काय लिहू?

जुनाखोंड: शीतसुप्ती. निद्रा शाळेच्या पुस्तकापुरती ठीक.

वऱ्हाडी ठेचा: सुप्ती म्हणजे तरी झोपच ना भाऊ! आमच्याकडे उन्हाळ्यात बेडूक मातीत दडी मारतात. झालं की.

जुनाखोंड: दडी पाऊसही मारतो. शास्त्रीय लेखात नको.

पाचोळा: निद्रा अस्वलाला शोभते. अलास्कातल्या काळ्या अस्वलाचं तापमान हिवाळाभर ३० ते ३६ अंशांत असतं, चयापचय मात्र पाव हिश्श्यावर येतो. डिवचलं तर उठेल. बेडूक काय उठणार, दगड झालेला असतो! ‘थिजलेला’ म्हणा.

शब्दखुळी: थिजतं ते तूप. पाणी गोठतं.

पाचोळा: डोळे थिजतात, ते काय तुपाचे?

वऱ्हाडी ठेचा: गोठणे ‘गोठ्या’वरूनच आलं असणार. गुरं कोंडावी तसे पाण्याचे कण.

जुनाखोंड: गोठा ‘गोष्ठ’वरून, इथवर मान्य. पुढचं तुमच्या मनचं.

शब्दखुळी: अहो, बेडूक राहिला बाजूला! आणि त्याच जंगलातल्या लार्च झाडाचं काय करू? सूचिपर्णी म्हटलं की लोक सदाहरित समजतात. हा पठ्ठ्या शरदात पिवळा पडून सगळ्या सुया गाळतो. जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही, मग सुयांतून ते उडू कशाला द्यायचं? शेजारचा स्प्रूस वृक्ष सुया ठेवतो, पण त्यांवर मेणाचा थर असतो.

वऱ्हाडी ठेचा: मग सुईगळी म्हणा!

जुनाखोंड: काहीही. सूचिपर्णी पानाचा आकार सांगतं, ती टिकतात असं कुठे म्हणतं?

कोकणकडा: उशिरा आलो. थिजणे-गोठणे भेद पुस्तकी आहे. आमच्या घरात खोबरेल गोठतंच.

पाचोळा: कोकणात? थंडी कुठली?

कोकणकडा: खोबरेल २४ अंशांच्या आसपासच घट्ट होतं. जानेवारीत पहाटे या, बाटली उलटी करून दाखवतो.

जुनाखोंड: दाखवा. थिजलेलंच असेल.