'रॉजर'ला मराठीत काय म्हणाल?

उलवे: विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या सोसायटीतल्या पोरांच्या तोंडी सारखं वैमानिकांचं रेडिओवरचं 'रॉजर' असतं. मी त्यांना 'हो' असा अर्थ सांगितला, पण 'ठीक आहे' जास्त बरोबर वाटतं. जाणकारांनी सांगावं.

ऐरोली: ताई, दोन्ही नकोत. रॉजर म्हणजे 'तुमचं शेवटचं बोलणं पूर्ण मिळालं', बस. मान्य आहे, करतो, परवानगी दिली, यातलं काहीच त्यात येत नाही. 'पोचलं' हा आपला शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. निरोप पोचला, एवढंच. होकारासाठी 'अफर्म' हा वेगळा शब्द आहे, आणि 'विल्को' म्हणजे 'समजलं, तसं करतो'.

आपल्या 'हो'ची अडचण अशी की तो हुंकारही असतो. फोनवर आत्या बोलत असते, आपण 'हो, हो' करत राहतो, त्यात कबुली कुठे असते?

विमानात ही गल्लत जिवावर बेतते. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, धावपट्टीवर दाट धुकं. केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या सहवैमानिकाने रेडिओवर सांगितलं, 'वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ'. मनोऱ्यातल्या नियंत्रकाला वाटलं, विमान जागेवर उभं राहून वाट बघतंय. प्रत्यक्षात ते धावायला लागलं होतं. नियंत्रक 'ओके' म्हणाला आणि लगेच 'थांबा, मी सांगतो' असंही म्हणाला. पण त्याच क्षणी त्याच धावपट्टीवरच्या पॅन अ‍ॅम कंपनीच्या विमानाचा वैमानिक 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असं सांगत होता. दोन आवाज एकमेकांवर आदळले, केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा आवाज आला आणि स्पष्ट ऐकू आला तो फक्त 'ओके'. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात, एरवी 'डिपार्चर'.

ठाणे (पश्चिम): दादांशी सहमत. 'प्रायॉरिटी'ही असाच फसवा. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ अ‍ॅव्हियांकाचं विमान इंधन संपून कोसळलं, ७३ जण गेले. इंधन संपत आलंय हे वैमानिक सांगत होते, 'प्रायॉरिटी' मागत होते. त्यांच्या लेखी तीच निकड होती, पण 'इमर्जन्सी' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही आणि नियंत्रकांना ती जाणवली नाही. म्हणून 'प्रायॉरिटी'चं भाषांतर 'प्राधान्य'च ठेवावं, 'तातडी' नको.

उलवे: धन्यवाद दोघांना. 'रीडबॅक'ला काय म्हणायचं? मिळालेली सूचना वैमानिक परत म्हणून दाखवतो ते?

ऐरोली: बोलताना रीडबॅकच राहू द्या. लिहायचं असेल तर 'म्हणून दाखवणे' पुरे. मात्र ते ऐकून चूक दुरुस्त करणं हे नियंत्रकाचं काम असतं, आणि तो 'हियरबॅक' मराठीत आणायला मला अजून शब्द सापडलेला नाही. कुणाला सुचला तर इथे टाका.