गोव्यातलं शूट: प्रॉडक्शन कोऑर्डिनेटरनं नेमकं काय सांभाळायचं?

मांडवीकाठ:
नोव्हेंबरअखेर मुंबईचं युनिट येतंय. 18 दिवस, 70 माणसं. मोरजीचा किनारा, जुने गोवे आणि दोन दिवस बोटीवर. लाइन प्रोड्यूसर आहेच, मग कोऑर्डिनेटर म्हणून माझ्या वाट्याला काय येतं?

कॉलशीटवाला:
लाइन प्रोड्यूसर पैसा आणि सौदे बघतो, तुझ्याकडे कागद आणि माणसांची ये-जा. कॉलशीट, म्हणजे कोणी किती वाजता कुठं पोचायचं याचा रोजचा कागद, एडी लोक (सहायक दिग्दर्शक) बनवतात; ती तपासून सगळ्यांना पोचवणं तुझं. घोळ बहुतेक वेळा इथंच होतो. कॉल टाइम बदलला की कोणीतरी फक्त ग्रुपवर मेसेज टाकतो आणि ड्रायव्हर, केटरर जुन्याच कागदावर चालतात. सुधारलेल्या शीटवर आवृत्तीचा नंबर आणि वेळ घाल, आणि ट्रान्सपोर्ट, केटरिंग, जनरेटर या तिघांना फोन करच. निळी टिक म्हणजे होकार नव्हे.

पेडणेकार:
तिकिटं काढताना विमानतळ बघ. मोपा पेडण्यात, दाबोळी वास्कोजवळ. तिकिटावर दोन्हीकडे नुसतं ‘गोवा’ दिसतं. कोड वेगळे, दाबोळीचा जीओआय, मोप्याचा जीओएक्स. मूव्हमेंट शीटवर (कोण कधी, कशानं येणार-जाणार याचा तक्ता) कोडसकट लिही, नाहीतर गाडी एकीकडे आणि कॅमेरामन दुसरीकडे. रेल्वेचंही तेच: मोरजीला थिवी बरं, मडगाव लांब पडतं.

परवानग्यांची सुरुवात ईएसजीपासून, म्हणजे एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडून. इफ्फी हा चित्रपट महोत्सवही तेच भरवतात, त्यामुळे नोव्हेंबरात तिथं गर्दी असते. फाइल ऑक्टोबरातच आत जाऊ दे. मोरजीला कासवांचा अंडी घालायचा हंगामही नोव्हेंबरातच सुरू होतो, रात्री लाइट लावायचे असतील तर वनखात्याशी आधी बोल. जुन्या गोव्यातल्या संरक्षित चर्चना पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी लागते. आणि 24 नोव्हेंबरपासून सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताचे नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, 3 डिसेंबरला फेस्त. त्या दिवसांत तिथं ट्रक लावायला जागा मिळेल ही आशा सोड. बोटीसाठी कॅप्टन ऑफ पोर्ट्स, म्हणजे राज्याच्या बंदर खात्याची परवानगी. ड्रोन असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ऑनलाइन नकाशावर झोन बघ. लाल असेल तर केंद्राची परवानगी लागते.

खतावणी:
पेटी कॅशचं, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रोख रकमेचं: व्हाउचरवर तारीख, कोणत्या दिवसाचं शूट, कोणी घेतले, सही. बिल नसेल तर कारण. हिशेब रोज पॅकअपनंतर जुळव, आठवड्यानं बसलीस तर ‘बर्फ, 600’ कुणाचा हेही आठवणार नाही. एकाच माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख देऊ नकोस, सीए तो खर्च कराच्या हिशेबात धरणार नाही. रक्कम मोडून दोन व्हाउचर केलीस तरी दिवसाची बेरीजच धरतात.
परदेशी कलाकार असतील तर हॉटेलनं त्यांच्या मुक्कामाची माहिती 24 तासांत सरकारला कळवली का, एवढं विचारून घे.

मांडवीकाठ:
किनाऱ्याचे दिवस सलग नाहीत, मध्ये आठवडा जातो. कॉल टाइम दोन्ही वेळी सकाळी सातच ठेवलाय.

कॉलशीटवाला:
तिथं अडकशील. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. या सोमवारी सातला ओहोटी असेल, तर पुढच्या सोमवारी सातला जवळपास भरती. पहिल्या दिवशी नटी जिथून चालली, तिथं पाणी असणार. भरती-ओहोटीचं कोष्टक आजच फर्स्ट एडीकडे पाठव, आणि कॉलशीटवर सूर्योदयाच्या खाली त्याची एक ओळ कायमची घाल.