मदत हवी आहे: सहलेखन नकाशात एकाच नावाचे लेखक वेगळे कसे ठेवायचे?

काढणीपश्चात आंब्यावरच्या 2010 ते 2024 मधल्या शोधनिबंधांचा सहलेखन नकाशा (कोणी कोणासोबत निबंध लिहिले ते ठिपके आणि रेघांनी दाखवणारा) करतोय. लेन्स या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधून सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) घेऊन व्हॉसव्ह्यूअर या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, फुल काउंटिंग (प्रत्येक सहलेखनाला पूर्ण एक वजन) ठेवलं, 25 पेक्षा जास्त लेखकांचे निबंध वगळले.

अडचण पाटील, कुलकर्णी, सिंग, कुमार या आडनावांची. ‘पाटील एस’ हा मधोमध भलामोठा ठिपका येतो आणि एकमेकांशी संबंध नसलेले गट जोडून टाकतो. मूळ नोंदी उघडल्या तर संस्था वेगळ्या, विषयही वेगळे. माणसं निदान तीन तरी असावीत. पहिलं नाव आद्याक्षरात आणायचा पर्याय बंद केला, तर उलटंच होतं: काही नियतकालिकं फक्त आद्याक्षरंच छापतात, त्यामुळे एकच लेखक दोन ठिकाणी दिसतो. व्हॉसव्ह्यूअरच्या थिसॉरस फाइलने (कोणत्या नावाऐवजी कोणतं वापरायचं त्याची यादी) दोन नावं एकत्र करता येतात, पण एक नाव फोडता येत नाही. नेमकं तेच तर हवंय!

आता ओपनअ‍ॅलेक्स या शोधनिबंधांच्या मोफत डेटाबेसची सीएसव्ही घेऊन ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेघेवर (|) लेखक सुटे करायचे, नावाऐवजी ओपनअ‍ॅलेक्सचा लेखक-क्रमांक वापरायचा आणि व्हॉसव्ह्यूअरला लागणारी मॅप (लेखकांची यादी) व नेटवर्क (त्यांच्या जोड्या) फाइल स्वतः तयार करायची असा विचार आहे. एक्सेल नको, लांब लेखकयादी एका खान्यात 32,767 अक्षरांपुढे मावत नाही. आर किंवा पायथनमध्ये प्रोग्रामिंग येत नाही, स्कोपस या सशुल्क डेटाबेसची वर्गणी नाही.

सुट्या लेखकांवरून प्रत्येक निबंधातल्या जोड्या ओपनरिफाइनमध्येच कशा पाडायच्या? आणि ओपनअ‍ॅलेक्सनेच एका व्यक्तीला दोन क्रमांक दिले असतील, ओआरसीआयडीही (संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक) नसेल, तर ते एकत्र करायला संस्था पुरेशी मानावी की सामाईक सहलेखकही बघावेत?