स्वस्त टर्नटेबलला चांगला टोनआर्म बसवावा का?

प्रश्न
माझ्याकडे पट्ट्यावर फिरणारे साधे टर्नटेबल (तबकड्या वाजवण्याचे यंत्र) असून त्यावर ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) २ ग्रॅम दाबावर लावलेली आहे. तबकडीच्या सुरुवातीला आवाज उत्तम येतो, परंतु लेबलाजवळच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात. रेगा कंपनीचा जुना आरबी२५० टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) मिळण्याची शक्यता आहे. तो बसवल्यास ही तक्रार दूर होईल का?

उत्तर १
माझ्या मते दोष आर्मचा असण्यापेक्षा सुईच्या टोकाच्या आकाराचा असण्याची शक्यता अधिक आहे. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेरच्या कडेला खाचेचा वेग सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो आणि लेबलाजवळ तो २१ सेंटिमीटरपर्यंत उतरतो, त्यामुळे तेच ‘स’ निम्म्याहून कमी जागेत कोरलेले असतात आणि साध्या लंबगोल टोकाला ती बारीक वळणे नीट वाचता येत नाहीत. तुमच्या कार्ट्रिजच्या त्याच बॉडीवर व्हीएम९५एमएलची मायक्रोलिनिअर (अधिक बारीक धारेच्या टोकाची) सुई बसते. केवळ सुई ओढून काढायची आणि नवी सरकवायची. त्याआधी प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवण्याच्या पट्टीवर) कार्ट्रिजचा कोन तपासून घ्यावा. खाचाच पूर्वी एखाद्या जड सुईने खरवडल्या गेल्या असतील, तर मात्र कोणताही खर्च वायाच जाईल.

उत्तर २
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, पण आर्मला इतक्या लवकर निर्दोष ठरवू नये. सुईवर टोपण चढवून हेडशेल (आर्मचे कार्ट्रिज बसवलेले टोक) दोन बोटांत अलगद धरावे आणि किंचित पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे हलवून पाहावे. आर्मच्या बेअरिंगमध्ये (तो ज्यावर फिरतो त्या सांध्यात) बारीकशी ‘टक’ जाणवली, तर कोणतीही सुई ती उणीव भरून काढू शकणार नाही.

आरबी२५० बसवायचा झाल्यास त्याचे फिरण्याचे केंद्र प्लॅटरच्या (तबकडी ठेवायच्या थाळीच्या) मधल्या खुंटीपासून २२२ मिलिमीटरवर यावे लागते, आणि स्वस्त टर्नटेबलांत नेमकी तेवढी जागा मिळेलच असे नाही. झाकण बंद करताना काउंटरवेट (आर्मच्या मागचे वजन) आड येतो का, हेही आधीच पाहावे. या आर्मची उंची कमी-जास्त करण्याची सोय नसल्यामुळे बुडाशी चकत्या घालाव्या लागतात, आणि साधारण ४ मिलिमीटर फरकाने सुईचा कल १ अंशाने बदलतो. तबकडी संपताच आर्म आपोआप परत येण्याची सोय तुमच्याकडे असेल, तर ती बहुधा गमवावी लागेल.

उत्तर ३
आर्म आणि कार्ट्रिज यांच्या मेळाचा विचार केला तर अडचण दिसत नाही. आरबी२५०चे प्रभावी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारे वजन) सुमारे ११ ग्रॅम आहे. त्यात कार्ट्रिजचे ६ आणि स्क्रूंचे १ ग्रॅम धरल्यास एकूण १८ होतात. उत्पादकाने दिलेली सुईची लवचिकता १०० हर्ट्झवरची असून १० हर्ट्झवर ती अंदाजे दीडपट ते दुप्पट धरली जाते, म्हणजे अनुनाद (आर्म-कार्ट्रिज जोडी आपसूक थरथरते ती कंपनसंख्या) ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान येतो, आणि हाच पट्टा योग्य मानला जातो. तरीही आर्मसाठी भोक पाडण्यापूर्वी सुई बदलून ऐकावे, कारण सुई परत काढता येते, प्लिंथमधले (टर्नटेबलच्या बैठकीतले) भोक बुजवता येत नाही.

प्रश्नकर्ता
बेअरिंगमध्ये ‘टक’ जाणवली नाही, मात्र प्रोट्रॅक्टरवर कार्ट्रिज स्पष्टपणे तिरकी दिसली. ती सरळ केल्यावर ‘श’ बराच सुधारला आहे, ‘स’ अजून थोडा फाटतो. सुई मागवत आहे. आर्मचा विचार तूर्त थांबवतो.