प्रिन्स फिलिप यांचं फटकळ बोलणं : तुमचे अनुभव सांगा

राणी एलिझाबेथचे यजमान, ड्यूक ऑफ एडिनबरा. मनात आलं की ओठावर, मधे चाळणीच नाही. भलतं बोलून बसण्याला इंग्रजीत तोंडात पाय घालणं म्हणतात, तर 1960 मध्ये दंतवैद्यांसमोर ते स्वतःच म्हणाले होते की हे एक शास्त्रच आहे आणि माझा त्यात कित्येक वर्षांचा सराव आहे. मला हा माणूस आवडायचा, पण सगळंच पचलं नाही. त्यांचं एखादं वाक्य तुम्हाला लागलं असेल किंवा आवडलं असेल तर लिहा, मोठं झालं तरी चालेल.

- - -

मी इलेक्ट्रिकल इंजिनियर, 1999 ला स्कॉटलंडमध्ये नोकरीला होतो. त्या ऑगस्टमध्ये एडिनबराजवळच्या एका कारखान्यात वायरींचा गुंता झालेला फ्यूज बॉक्स बघून ते म्हणाले, हा कुणा भारतीयाने बसवलेला दिसतोय. राजवाड्याने माफी मागितली, नंतर ते म्हणाले की मला 'काउबॉय' म्हणायचं होतं, म्हणजे तिकडे अर्धवट कामं करणारे मिस्त्री. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पॅनलचं दार वाजवून एकाने तेच वाक्य ऐकवलं आणि सगळे हसले, मीही हसलो. मग कित्येक दिवस पॅनल बंद करण्याआधी एकेक टर्मिनल परत टाइट करायचो, फेरुलचे, म्हणजे वायरीच्या टोकावरच्या छोट्या नळ्यांचे, नंबर एका रेषेत, केबल टाय एका मापात कापलेले, दार उघडल्यावर कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून. बायको म्हणायची म्हातारा माणूस आहे, बोलला, एवढं काय मनाला लावून घेताय. अगं पण त्याच्या तोंडून एकदा निघालं की बाकीच्यांना बोलायची मुभाच मिळते ना.

- - -

माझा अनुभव उलटा आहे. 2013 ला लूटनच्या हॉस्पिटलात ते एका फिलिपिनो नर्सला म्हणाले की तुमचा देश निम्मा रिकामा झाला असेल, तुम्ही सगळ्या इथे आमची हॉस्पिटलं चालवताय. मी तेव्हा दुसऱ्या गावात नर्स होते, आमच्या वॉर्डात तीन फिलिपिनो मुली, ब्रेकमध्ये एकीने मोबाइलवर वाचून दाखवलं आणि आम्ही पोट धरून हसलो, कारण खरंच होतं ते, त्या रात्री ड्यूटीवर इंग्लिश नर्स एकच होती. मला तर वाटलं कुणीतरी आमची दखल घेतली.

- - -

मला 1997 चं लागलं. राणीसोबत अमृतसरला जालियनवाला बागेत आले होते, तिथल्या फलकावर दोन हजार शहीद असं वाचून म्हणाले हा आकडा फुगवलेला आहे, आणि आधार काय, तर जनरल डायरचा मुलगा नौदलात माझ्याबरोबर होता, त्याने सांगितलं! इंग्रज सरकारचा आकडा 379, आणि गोळ्या 1650. आकड्यावर वाद होऊ शकतो, अभ्यासक घालतातच, पण तिथे उभं राहून? आईला घेऊन गेलो होतो तेव्हा भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांभोवती पांढऱ्या चौकटी आखलेल्या होत्या. आईने एका खुणेत बोट घातलं, पेरभर आत गेलं. नंतर विहिरीपाशी चपला काढून कितीतरी वेळ उभी होती, बोलली काहीच नाही.

- - -

2017 मध्ये सार्वजनिक कामातून निवृत्ती जाहीर झाली तेव्हा मायकल अटिया हे गणितज्ञ त्यांना म्हणाले, तुम्ही स्टँड डाउन करताय, म्हणजे पायउतार होताय, याचं वाईट वाटतं. फिलिप तेव्हा 95 चे, म्हणाले, आता फार वेळ स्टँड अप राहवतच नाही. माझ्या बाबांना हे इतकं आवडलं, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडताना मीटिंगमध्ये म्हणाले, पद सोडवत नाही पण जिना चढवत नाही. 17 एप्रिल 2021 ला अंत्यविधी टीव्हीवर बघितला आम्ही, कोविडमुळे आत फक्त 30 माणसं, आणि शवपेटी त्यांनी स्वतः आखून बदल करून घेतलेल्या लँड रोव्हरवर. बाबा वॉकर धरून उठले. मी म्हटलं बसा हो, पण पेटी चॅपलच्या आत जाईपर्यंत बसले नाहीत.