पेनड्राइव्हला कुठलं फॉरमॅट घेऊ?

फोंड्याचा: आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाचं रेकॉर्डिंग केलंय, एकेका अंकाची फाइल ६-७ जीबी, ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकायला गेलो तर फाइल मोठी आहे म्हणतो, जागा तर भरपूर दिसते! घरी विंडोज आहे, पणजीला एडिट करणाऱ्या मुलाकडे मॅक. फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्हवर फाइली साठवायची पद्धत, एनटीएफएस करू की एक्सफॅट?

म्हापशेकर: ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा असणार, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही, जागा कितीही असो. एनटीएफएस केलंत तर मॅक वाचेल पण त्यावर लिहू देणार नाही, मग एडिट केलेलं परत आणणार कसं? एक्सफॅटच करा. आधी आतलं सगळं दुसरीकडे काढा हां, फॉरमॅटमध्ये पुसलं जातं.

डिचोलीची ताई: एक्सफॅटला जर्नल, म्हणजे ड्राइव्हवर होणाऱ्या बदलांची नोंदवही, नसतं हे लक्षात ठेवा; काम मध्येच तुटलं तर सावरायला ती उपयोगी पडते, एनटीएफएसला ती असते. मुलीच्या बारशाचे फोटो कॉपी करताना पावसात वीज गेली नि अख्खा फोल्डर उघडेना, अजून जीव हळहळतो. म्हणून कॉम्प्युटरवर इजेक्ट केल्याशिवाय पेनड्राइव्ह काढू नका, मूळ रेकॉर्डिंग एनटीएफएसवाल्या हार्डडिस्कवर ठेवा आणि तरीही आणखी एक कॉपी हवीच, जर्नल म्हणजे बॅकअप नव्हे.

फोंड्याचा: एक्सफॅट केलं, कॉपी झाली, देव बरें करूं! पण घरचा जुना टीव्ही ड्राइव्ह ओळखत नाही?

म्हापशेकर: जुन्या टीव्हींचं असंच असतं. त्याच्यासाठी वेगळा फॅट३२ पेनड्राइव्ह ठेवा नि अंकाचे ४ जीबीच्या आतले तुकडे करा.